डाळींचा तक्ता आणि आमटीचं पाणी

परवा पुन्हा कुणीतरी तो तक्ता पाठवला. कुठली डाळ सर्वात पौष्टिक? लगेच आमच्या घरात मूगवाले आणि मसूरवाले असे दोन तट पडले!

अहो, १०० ग्रॅम तुरीच्या डाळीत प्रथिनं साधारण २२ ग्रॅम, कुळथात तेवढीच, मुगाच्या आणि मसुरीच्या डाळीत २४ च्या आसपास. दोन ग्रॅमसाठी एवढी मारामारी? सोयाबीन ३६ च्या पुढे जातं, पण त्याचं वरण कोण करतं? आणि ज्या कुळथाला आपण बैलांचं खाणं म्हणून हिणवलं, तो कॅल्शियममध्ये तुरीला केव्हाच मागे टाकतो.

पण माझं भांडण वेगळंच आहे. तक्त्यातले आकडे १०० ग्रॅम कोरड्या डाळीचे. वाटीभर पातळ वरणात डाळ असते जेमतेम २५ ग्रॅम. म्हणजे प्रथिनं साडेपाच-सहा ग्रॅम. पाहुणा आला, पाणी वाढवलं, की आणखी कमी.

माझी आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची. पातेल्यात उरलेल्या आमटीत पाणी घालून उकळी आणायची, आणि तेच भाकरीशी खायची. डाळ तुरीची होती की मुगाची, तिला काय फरक पडणार होता?

असो. परवडेल ती डाळ आणा. धान्यात कमी पडणारं लायसिन कुठलीही डाळ भरून काढते. फक्त मूठभर जास्त टाका. आणि शेवटी जेवणारीच्या वाटीत काय पडतंय, तेवढं एकदा बघा.