नकार कामाला असावा, माणसाला नाही

कोंढवा, कॅम्प, मोमीनपुरा या पुण्याच्या भागांत आज अनेक घरांतली मुलं-मुली लॅपटॉपवर फ्रीलान्स काम करतात. कुणी लोगो बनवतं, कुणी रील एडिट करतं, कुणी वेबसाइट तयार करून देतं. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे जुने विद्यार्थी मशवरा घ्यायला येतात. गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार येतो : "सर, बेटिंग अ‍ॅपच्या जाहिरातीचं काम आलंय. पैसे चांगले आहेत. मी तर फक्त डिझाइन करणार. घेऊ का?"

या "फक्त डिझाइन"वर आता विचार करायलाच हवा. कारण प्रश्न नुसता दीनचा राहिलेला नाही, कायद्याचाही झाला आहे.

ऑनलाइन गेमिंगचं नवं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आणि २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झालं. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. जाहिरातीचं कलम नुसतं कंपनीपुरतं नाही. जाहिरात बनवणारा, बनवून घेणारा आणि त्यात मदत करणारा, असे सगळे त्यात येतात. म्हणजे एडिटिंगच्या टेबलावर बसलेला मुलगाही त्यातून सुटत नाही. हा कायदा येताच ड्रीम इलेव्हनने पैशांचे खेळ बंद केले आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून तिचं नाव गेलं.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण नारायणगावचं आहे. मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी महादेव बेटिंग अ‍ॅपशी संबंधित एका इमारतीवर छापा टाकला आणि तिथल्या नव्वदच्या आसपास लोकांना ताब्यात घेतलं. या अ‍ॅपचे मुख्य सूत्रधार दुबईतून कारभार चालवत होते, असं ईडीचं म्हणणं आहे. यातून काय दिसतं? मालक दूर बसतो, आणि छापा पडला की खुर्चीवर बसलेला माणूस आधी सापडतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ नुसार बेकायदेशीर उद्देशासाठी केलेला करार रद्दबातल असतो. असं काम करून दिलं आणि क्लायंटने पैसे बुडवले, तर कोर्टात मागायचे कशाच्या जोरावर?

जुगाराबाबत आपल्याकडे तसाही वाद नाही. सूरह माइदामध्ये शराब आणि जुगार यांचा उल्लेख एकत्रच आलेला आहे. अडचण येते ती मधल्या कामांची. कर्ज देणारं अ‍ॅप, दारूही मिळते असं हॉटेल, बँकेची वेबसाइट, निवडणुकीचे व्हिडिओ. इथे एकच फतवा सगळ्यांना लागू करता येणार नाही, आपल्या भरवशाच्या आलिमांना जरूर विचारावं. पण विचारायला जाण्याआधी स्वतःला एवढं विचारावं : या कामाने कुणाचं नुकसान होतं का, आणि ते नुकसान माझ्या हातून वाढतं का? हॉटेलचा हिशेब लिहिणं आणि दारूची जाहिरात बनवणं यांत अंतर आहे. उमेदवाराच्या कामाचा व्हिडिओ आणि एखाद्या समाजाविरुद्ध लोकांना भडकवणारा व्हिडिओ यांतही आहे.

मात्र नकार कामाला असावा, माणसाला नाही. २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने यात्रेत मुस्लिम दुकानदार नकोत असा ठराव केला, तेव्हा आपल्याला काय वाटलं ते आठवा. प्रशासनाने तो ठराव बेकायदेशीर ठरवला. वकिलांच्या काही संघटना अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही असे ठराव करत. ते रद्दबातल आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सांगितलं. जात, धर्म, पक्ष पाहून माणसाला परत पाठवणं ही नीती नव्हे, तो बहिष्कार आहे. पुण्यात गणेश मंडळांची कामं येतातच. मूर्तीचं चित्र काढणं एखाद्याच्या श्रद्धेत बसत नसेल तर त्याने तेवढं अदबीने सांगावं. त्याच मंडळाच्या रक्तदान शिबिराचं पोस्टर नाकारायचं काहीच कारण नाही.

आता खरी गोम. नकार देणं सोपं आहे, त्याची किंमत भरणं अवघड आहे. मुलाने हलालच कमवावं असं आपण म्हणतो, आणि पहिल्या तारखेला घरखर्चाचे पैसे कमी आले की त्यालाच टोचून बोलतो. वीस-बावीस वर्षांच्या पोराने दीनही सांभाळायचा, घराचा हप्ताही, तोही एकट्याने? काम सोडण्याचा निर्णय घरात बसून झाला, तर दोन महिने हात आखडून चालायची तयारीही सगळ्यांनी मिळून करावी.

आणि समाज काय करतो? आपले शादीचे हॉल, केटरर, शाळा, संस्था या मुलांकडून पत्रिका, बॅनर, व्हिडिओ करून घेतात, आणि पैसे द्यायची वेळ आली की "आपलाच पोरगा आहे" म्हणतात. मजुरी बुडवणं किंवा महिनोन्‌महिने लटकवणं हाही हराम-हलालचाच मामला आहे. बेटिंगवाला आगाऊ पैसे देतो आणि आपला माणूस चार चकरा मारायला लावतो. अशा वेळी त्या मुलाला नुसतं बयान ऐकवून उपयोग नाही.

तरुणांना आमचं सांगणं एवढंच. कोणती कामं घ्यायची नाहीत ते आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा, पैशांची तंगी आल्यावर ठरवू नका. काम पूर्ण समजून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम घेऊ नका. घेतली असेल आणि मागाहून गोष्ट वेगळीच निघाली, तर रक्कम परत करून लेखी कळवा. नकार एका ओळीत द्या, क्लायंटला उपदेश करू नका. आणि एकदा जायज काम कबूल केलं की ते वेळेवर, नीट पूर्ण करा. दिलेला शब्दही अमानतच असतो.