शर्यत कीं परीक्षा?

कामकरी जनावरांची चढाओढ भरविणाऱ्यानें प्रथम एका प्रश्नाचें उत्तर दिलें पाहिजे : ही परीक्षा कोणत्या गुणाची? इंग्लंडांत साउथहिल येथें १८६५ सालीं बंदुकीबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांची पहिली मैदानी परीक्षा झाली. त्या परंपरेंत नुसतें वेगानें धावणारें कुत्रें बक्षिसास पात्र होत नाहीं. वासानें पक्षी हुडकणें, तो सांपडतांच थबकून ताठ उभें राहणें, बार झाला तरी न बुजणें, पडलेला पक्षी न चिरडतां आणून देणें, हे गुण पंच पाहतात. सशामागें सुसाट सुटणारें कुत्रें कितीही चपळ असो, तें बाद होतें. वन्य प्राण्यांची शिकार आपल्याकडे कायद्यानें बंद आहे व तें योग्यच आहे. घेण्याजोगी आहे ती परीक्षेची रीत.

आतां रायगडच्या किनाऱ्याकडे पाहूं. वरसोली, नागाव, मुरूड येथें ओहोटीनंतरच्या घट्ट पुळणीवर बैलगाड्या धावतात. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या. २०१७ सालीं राज्यानें त्यांसाठीं कायदा केला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा ग्राह्य ठरविला. शर्यतीचे अभिमानी यास विजय म्हणतात. पण शर्यत भरवितां येते, एवढेंच यानें सिद्ध झालें. ती भरविण्याजोगी आहे, हें सिद्ध करणें अद्याप त्यांच्याकडेच आहे.

शर्यतीमुळें चांगला बैल टिकतो, असें ते सांगतात. चांगला म्हणजे कोणता? गुडघाभर चिखलाच्या खाचरांत संथपणें औत ओढणारा, हांकेसरशी वळणारा बैल येथें शेवटचा येईल! ज्या गुणास बक्षीस, तोच गुण पुढें जोपासला जातो. घटकाभराच्या वेगास बक्षीस देऊन शेतीचा बैल कसा टिकावा?

तथापि केवळ बंदी मागणाऱ्यांचाही मार्ग सोपा नाहीं. औताचें काम यंत्रानें घेतलें. २०१५ च्या कायद्यानें बैलाची कत्तल बंद झाली. मग त्याच्यापुढें पेंढा कोणी टाकावा? हौसेखातर तरी कोणी तो टाकतो, हें नाकारून चालणार नाहीं.

म्हणून हौस राहूं द्यावी, कसोटी बदलावी. चिखलणी, सरळ तास, भरल्या गाडीनिशीं वळण, शब्दावर थांबणें, यांस गुण द्यावे. काठी, चाबूक व विजेचा धक्का आजही वर्ज्य आहेत. कायद्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाखांपर्यंत दंड आहे. परंतु खटल्याचा निकाल लागेल तेव्हां लागेल. काठी उगारणारा धुरकरी तेथल्या तेथें बाद झाला, तर दुसरा ती हातीं धरणार नाहीं.

अशा संथ परीक्षेस गर्दी जमणार नाहीं, असा आक्षेप येईल. न जमो! गर्दीच हवी असेल, तर त्या प्रकारास खुशाल तमाशा म्हणावें. पण मग त्यांत बैलाच्या जातीचें, शेतीचें आणि परंपरेचें नांव गुंतवूं नये.