ड्रमातल्या पालकाचा गट नंबर

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे ईसी, पीएच किंवा मूळकुज यांबद्दल नाहीत. ती सातबाऱ्याबद्दल आहेत. धानोरा तालुक्यातील एका वर्गणीदाराने तर आपल्या अर्जाच्या सगळ्या फाईलची छायाप्रतच धाडली आहे. सोबत चिठ्ठी आहे: ‘‘संपादक महोदय, आता तुम्हीच सांगा, माझा पालक कोणत्या गटात उगवतो?’’

घरामागच्या सांदवाडीत, शेडनेटखाली, या गृहस्थाने निळे ड्रम कापून डीडब्ल्यूसीची, म्हणजे मुळे द्रावणात बुडवून मातीविना पीक घेण्याची, व्यवस्था उभी केली. ए आणि बी द्रावणासाठी दोन डोसिंग पंप, एअर पंप, फ्लोट स्विच, ईएसपी३२चा बोर्ड, असे सगळे त्याने स्वतः जोडले. पाने बाजारात विकली जाऊ लागली तेव्हा व्यवस्था वाढवावी म्हणून अनुदानासाठी अर्ज केला. वडिलांच्या धानाच्या बांधीचा सातबारा जोडला. अर्ज परत आला: प्रस्तावित जागा आणि सातबाऱ्यावरील गट जुळत नाही. बरोबरच आहे, ड्रम बांधीत नाहीत, घरामागे आहेत. मग त्याने घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ जोडला. शेरा आला: ‘८-अ जोडावा.’ आठ आणि आठ-अ यांत एका अक्षराचा फरक, पण एक घराचा आणि दुसरा शेतीच्या खात्याचा. गावठाणातल्या सांदवाडीला ८-अ आणायचा कुठून? शेवटी तोंडी सल्ला मिळाला, की युनिट शेतात हलवा. शेतात वीज नाही. रानडुकरे आहेत. २०२१ मध्ये छत्तीसगडातून गडचिरोली जिल्ह्यात उतरलेल्या हत्तींच्या कळपाने धानोऱ्याच्या बाजूची शेते कशी तुडवली हे सल्ला देणाऱ्याला ठाऊक नसेल असे नाही.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०२५ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत हायड्रोपोनिक्सला जागा मिळाली, तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी पेढे वाटले. पेढे वाटण्याआधी अर्ज उघडून बघायला हवा होता. सूचना दिल्लीत बदलल्या, तालुक्याच्या टेबलावरची तपासणी यादी जुनीच राहिली. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो क्रमांक जमिनीच्या नोंदीवरून निघतो. पिकाची नोंद ई-पीक पाहणीत करायची, तर तीही गटात उभे राहून, मोबाइलवर फोटो काढून. म्हणजे पीक खरे ठरते ते गटामुळे. वनपट्ट्यावर कसणाऱ्याचे हाल तर वेगळ्याच अंकात मांडावे लागतील. गंमत अशी की वीजदराच्या वर्गवारीत हरितगृह, ऊतीसंवर्धन आणि अळिंबी ही मंडळी ‘कृषी – इतर’मध्ये केव्हाच जाऊन बसली आहेत. अळिंबी खोलीत, भुशाच्या पिशवीत वाढते. तिला कुणी माती विचारत नाही. मग मातीवाचून वाढणाऱ्या पालकानेच गट नंबर का दाखवावा, याचे उत्तर संबंधित खात्याने द्यावे. आम्ही ते छापू.

खात्याला इतके बोलल्यावर आता घरच्या मंडळींकडे वळतो. काहींना राग येईल, येऊ द्या.

समजा, उद्या एखाद्या जाणत्या अधिकाऱ्याने विचारले, ‘सातबारा राहू द्या, तुम्ही पीक घेता याचा दुसरा पुरावा काय?’ तर आपल्यातले किती जण काय दाखवतील? फोटो दाखवतील. पांढऱ्या पाइपांच्या रांगा, जांभळे दिवे, मोबाइलच्या पडद्यावर हिरवा आलेख. सिस्टीम पुण्याबेंगळुरूची हुबेहूब उचललेली, सगळा डेटा क्लाउडवर, आणि गावात नेट गेले की नोंद बंद. एनएफटीच्या बाबतीत तर आता स्पष्टच लिहितो. पूर्व विदर्भात, मे महिन्यात, बॅकअप नसलेली एनएफटी लावणे हा हौसेचा भाग झाला, शेतीचा नव्हे. दुपारी लाईन गेली, चॅनेलमधला पाण्याचा पापुद्रा आटला, की लाईन येईस्तोवर मुळे वाळलेली असतात. फोनवर अलर्ट येतो खरा, पण अलर्ट पाणी पाजत नाही.

धानोऱ्याच्या त्या फाईलमध्ये मात्र शेवटी एक चीज आहे, आणि नेमकी तीच कुठल्या टेबलावर कुणी उघडून पाहिलेली दिसत नाही. मेमरी कार्डावरच्या नोंदींची छापील पाने. दर दहा मिनिटांना एक ओळ: तारीख, वेळ, ईसी, पीएच, द्रावणाचे तापमान, पंप चालू की बंद. बोर्डाला डीएस३२३१ घड्याळ आणि बटण सेल असल्यामुळे लाईन गेली तरी वेळ चुकत नाही. सुरुवातीच्या पानांत मधेमधे ओळीच नाहीत. तेव्हा बोर्ड साध्या अॅडॅप्टरवर होता, म्हणून ओळी गायब असणे म्हणजे लाईन गायब असणे. त्या प्रत्येक खिंडीनंतरची पहिली ओळ बघितली, तर ईसी थोडी चढलेली. लाईन आली की बोर्ड नव्याने सुरू होतो, अॅक्टिव्ह-लो रिले क्षणभर ओढला जातो आणि डोसिंग पंप उगाच एक पिचकारी मारतो. एका वेळी क्षुल्लक, पण दिवसातून लाईन पाच-सहा वेळा ये-जा करते तिथे पानांच्या कडा करपायला पुरेशी. या माणसाने ते नोंदीवरून ओळखले. रिलेच्या पिनांना पुल-अप रेझिस्टर लावले, प्रोग्रॅममध्ये दिवसाच्या डोसला कमाल मर्यादा घातली आणि सगळा गाडा सोलर पॅनेलवरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर नेला. पुढच्या पानांत खिंडी नाहीत, ईसीची रेघ सपाट. ड्रम कंबरेपर्यंत जमिनीत पुरल्यावर द्रावणाचे तापमान किती उतरले, तेही तिथेच दिसते. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मूळकुज आणणारा पिथियम कुठल्या पाण्यात माजतो हे वाचकांना सांगायला नको.

ज्यांना वाटते की विजेवाचून हे शास्त्र लंगडे आहे, त्यांनी कालिम्पोंग आठवावे. १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी तिथे जी ‘बंगाल पद्धत’ बसवली, तिच्यात पंपच नव्हता. खडीवाळूचे वाफे, वर पसरलेले कोरडे मिश्रण, झारीने पाणी. स्वयंचलन त्यावर चढवायचे असते, त्याच्या जागी नव्हे. आपले उलट होते. आधी अॅप, मग एअर स्टोन.

आणि धानोऱ्याबद्दल बोलताना मेंढा-लेखा वगळून कसे चालेल? याच तालुक्यातल्या या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळूनही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, कारण तेव्हा १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांच्या यादीत होता आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनोपजात. खाते पहिल्या कायद्यावर बोट ठेवून बसले होते. गावाने ग्रामसभेतून, अभ्यास गटांतून, लेखी, ठराव करून पिच्छा पुरवला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मेंढ्याकडे ठराव होते, इतिवृत्ते होती. आपल्याकडे नोंदींची मेमरी कार्डे आहेत, पण ती बोर्डातून कुणी बाहेर काढत नाही. काहींनी तर जागा वाचवायला नोंद ठेवण्याच्या ओळीच प्रोग्रॅममधून उडवल्या आहेत. याला काय म्हणावे!

तेव्हा मित्रहो, गाऱ्हाण्यांची पत्रे पुरे झाली. कृषी आयुक्तालयाकडे निवेदन द्यायचे ठरले आहे. मागणी एकच: गावठाणातील मातीविना लागवडीसाठी घराचा नमुना ८ किंवा मालमत्ता पत्रक ग्राह्य धरावे आणि पीक पाहणीऐवजी तारीखवार यंत्रनोंद व प्रत्यक्ष तपासणी मान्य करावी. या निवेदनाला जोड लागेल ती तुमच्या नोंदींची. किमान एका हंगामाच्या हव्यात. पीक, लावणीची तारीख, तोडणीचे वजन, पाण्याची मूळ ईसी, रोजची ईसी-पीएच, द्रावणाचे दुपारचे तापमान आणि लाईन किती तास गेली, एवढे त्यात असावे. ज्यांच्याकडे बोर्ड नाही त्यांची हाताने लिहिलेली वही चालेल. बफरने प्रोब शेवटचा कधी तपासला ती तारीखही लिहा, नाहीतर पीएचचा रकाना कुणी गंभीरपणे घेणार नाही. ज्यांचे पीक मेले त्यांच्या नोंदी आधी पाठवा, त्या जास्त कामाच्या आहेत.

महिन्याच्या २० तारखेपर्यंत पोहोचलेल्या नोंदी निवेदनाला जोडल्या जातील. नुसत्या पाइपांच्या फोटोंना या अंकापासून जागा बंद.