समोरचं माणूस, मागचा धबधबा

श्रावण लागला की आम्हां बीडच्या बायकांची सौताड्याची चक्कर ठरलेली. जामखेडच्या वाटेवर, पाटोदा तालुक्यात विंचरणा नदी कड्यावरून खाली उडी घेते, दरीत रामेश्वराचं देऊळ. गेल्या खेपेला सासूबाईसुद्धा गुडघे धरत धरत आल्या. कड्यापासून लांब, एका दगडावर त्यांना बसवलं आणि लेकाच्या कॅमेऱ्यानं मी फोटो काढला. घरी येऊन पाहते तो काय, धबधबा अगदी रेखीव आणि सासूबाईंचा चेहरा धुक्यात हरवल्यासारखा! पुढं चार महिन्यांत त्या गेल्या. त्या दिवसाचा तेवढाच फोटो आहे.

मग लेकाच्या खनपटीलाच बसले. मैत्रिणींनो, सुईत दोरा ओवताना आपण डोळे बारीक करतो ना? कॅमेऱ्याचंही तसंच. भिंगातलं भोक, म्हणजे ॲपर्चर, बारीक केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. त्याचे आकडे मात्र उलटे: एफ ५.६ म्हणजे भोक मोठं, एफ ११ म्हणजे बारीक. वरची चकती ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर ठेवा आणि ११ लावा. त्याहून फार पुढं, २२ वगैरेवर जाऊ नका. सगळंच चित्र किंचित मऊ पडतं.

दुसरी माझी चूक झूमची. मी भिंग ५५ वर ओढलं होतं आणि फोकस धबधब्यावर! नेहमीच्या १८-५५ भिंगाला १८ वर आणून, एफ ११ ठेवून, दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर साधारण एका मीटरपासून थेट डोंगरापर्यंत सारं नीट येतं. धबधबा लहान दिसेल, पण चेहरा तर हाती लागेल!

भोक बारीक म्हणजे उजेड कमी, हे आलंच. ५.६ वरून ११ वर गेलात की उजेड चौथाई उरतो. पावसाळी आभाळात हात हलायची भीती. तेव्हा आयएसओ १०० चा ४०० करा. नुसताच देखावा असेल तर कॅमेरा तिपाईवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावा.

काही कॅमेऱ्यांत भिंगाच्या बुडाशी एक बारकं बटण असतं. डोळा लावून बघतो तेव्हा भोक पूर्ण उघडंच असतं, त्यामुळं फोटोत काय स्पष्ट येणार ते कळत नाही. हे बटण दाबलं की भोक ठरलेल्या आकड्यावर येतं. दृश्य अंधारतं, घाबरू नका. मागचं किती रेखीव झालं तेवढं बघा.

मोबाईलवाल्यांना एवढा खटाटोप नाही. बहुतेक मोबाईलचं भोक बदलत नाही, पण मुळात साऱ्याचं स्पष्ट चित्र घ्यायचा त्याचा कल असतो. फक्त ‘पोर्ट्रेट’ बंद ठेवा, नाहीतर तो मुद्दाम मागचं पुसतो आणि धबधबाच जातो!

बीडच्या कंकालेश्वराचं पाण्यातलं प्रतिबिंब टिपायचं असेल, तर फोकस पाण्याच्या पृष्ठावर नको, प्रतिबिंबातल्या देवळावर करा. पाण्यावरचं शेवाळ रेखीव आणि देऊळ पुसट, असा फोटोही माझ्या संग्रही आहे.

आणि फोटो काढला की तिथंच पडद्यावर मोठा करून माणसाचे डोळे बघा. मी बघितले असते, तर सासूबाई काही लगेच उठून चालल्या नव्हत्या. दगडावर बसून शेंगा सोलत होत्या.