गाडी उभी, झीज चालू!



दिल्लीत चौकाचौकांत पोलिसांची पीसीआर गाडी तासन्‌तास उभी दिसते. गाडी उभी, इंजिन मात्र चालू. इंजिन बंद केले तर वायरलेस आणि छतावरच्या दिव्यांचा सारा भार बॅटरीवर येतो, आणि ऐन हाकेच्या वेळी गाडी सुरू होत नाही. म्हणजे इंजिन चालू ठेवणे ही शिपाई-ड्रायव्हरची चैन नव्हे, ड्युटी आहे.

पण सरकारी खात्यांना गाडीची देखभाल लॉगबुकातील किलोमीटरवर मोजण्याची सवय! उभ्या गाडीत ऑइलचा दाब कमी राहतो. अर्धवट जळालेले इंधन पिस्टन रिंगांवरून उतरून ऑइल पातळ करते. डिझेल गाडीत काजळी मिसळते, भरीला दिल्लीची धूळ. असे ऑइल बेअरिंग काय राखणार? फोर्ड कंपनीने पोलिस गाड्यांसाठी दिलेला हिशेब असा: एक तास उभे इंजिन म्हणजे सुमारे ५३ किलोमीटरची झीज. पाळीत पाच तास इंजिन असे चालले, तर दहा हजार किलोमीटरचे ऑइल अडतीस पाळ्यांत संपते. तिन्ही पाळ्या चालणाऱ्या गाडीला दोन आठवडेही लागत नाहीत. मीटर मात्र सांगतो, अजून बराच अवकाश आहे!

साहेब म्हणतील, वरचेवर ऑइल बदलणे ही उधळपट्टी. मग आपल्या डिझेल शेडमध्ये पाहा. तुघलकाबाद असो की पुणे, लोकोचे शेड्यूल दिवस-महिन्यांवर चालते आणि ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तांबे-शिसे वाढले तर बेअरिंग पाहा, सिलिकॉन वाढले तर एअर फिल्टर. इंजिन बसण्याआधी ऑइल बोलते. रेल्वेला जमते ते पोलिस खात्याला का जमू नये? चार लिटर ऑइल महाग, की अख्खे इंजिन?

इंजिन जाम झाले की पहिला मेमो ड्रायव्हरला, हा रिवाज मेल मोटर सर्व्हिसच्या साथींना सांगायला नको. आपल्यामागे निदान युनियन उभी राहते. पोलिसाच्या मागे कोण? १९६६ च्या कायद्याने त्याचा संघटनेचा हक्क आवळला. १९६७ मध्ये दिल्लीचे पोलिस आंदोलनात उतरले, तेव्हा त्यांच्या कर्मचारी संघाची मान्यता गेली. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. मुंबईतही १९८२ मध्ये पोलिसांची संघटना मोडली गेली.

संपात याच पोलिसाची लाठी आपल्या पाठीवर बसली, हे आपण विसरलेलो नाही. तरीही गणवेशातला तो कामगारच आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून आपण मागू या: प्रत्येक गाडीला तास मोजणारा मीटर, ऑइलची नियमित तपासणी, वायरलेससाठी वेगळी बॅटरी, आणि ड्रायव्हरने लॉगबुकात लिहिलेल्या तक्रारीला लेखी उत्तर. तक्रार दुर्लक्षिली गेली असेल, तर मेमो साहेबाला द्या, शिपायाला नव्हे!