अठरा तासांचा अभ्यास आणि झोपेचा हक्क

जयंती आली की आपल्याकडे सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात. उपक्रम चांगलाच आहे. पण त्यातून चळवळीत एक समज पक्का झालाय, की जो कमी झोपतो तो खरा कार्यकर्ता. बाबासाहेब रात्र-रात्र जागले हे आपण अभिमानाने सांगतो. मधुमेहाने त्यांचं शरीर किती पोखरलं, हे भाषणात क्वचितच येतं.

स्लीप अ‍ॅप्निया या आजारावर बोलायचं तर आधी हा समज सोडावा लागेल. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. या आजारात झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो आणि मेंदू दचकून माणसाला जागं करतो. तासाला ३० वेळा असं झालं तर आजार तीव्र समजतात. असा माणूस आठ तास अंथरुणात पडूनही थकलेलाच उठतो, कामावर पेंगतो आणि 'आळशी' ठरतो. आपल्या माणसांना आळशी म्हणायला या देशात तसंही कारण लागत नाही.

आम्ही स्वतः सीपॅप वापरतो. हा ऑक्सिजन नव्हे, शेजारी काहीही म्हणोत. मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा उघडा ठेवतो, एवढंच. पहिले काही आठवडे त्रासाचे असतात. हवा गळून डोळ्यांत जाते, तोंड कोरडं पडतं, नाकावर वळ उठतात. म्हणून पट्टे आवळत बसू नका. आडवं पडून, हवा चालू ठेवून मास्क बसवा. नाहीच बसला तर दुसऱ्या मापाचा मागा. दिवसा जागेपणी तासभर लावून बसलं की घुसमट कमी होते.

डॉक्टर विचारतात, रोज किमान चार तास लावता का? दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, एकच प्लग आणि रात्री जाणारी वीज, हे कोण विचारणार? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला सीजीएचएसमधून या यंत्राचा खर्च मिळू शकतो. रात्रपाळीच्या कंत्राटी चालकाला सीजीएचएस नाही, आणि डुलकी लागली तर जीव त्याचा जातो. संविधानाचं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतं. मग घरी वापरायचं यंत्र आरोग्य योजनेत मागायला आपण का लाजतो?

विहारातल्या आरोग्य शिबिरात आपण बीपी, शुगर तपासतोच. तिथेच झोपेचेही प्रश्न विचारूया: घोरता का, दिवसा पेंगता का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का. हा शेवटचा प्रश्न घरातल्या बाईला विचारा. तिला माहीत असतं.