प्रथिनांची सावकारी

विज्ञानाची फळे अखिल मानवजातीची आहेत, असे वचन विज्ञान दिनाच्या सरकारी समारंभांतून दरवर्षी ऐकविले जाते. त्याच वेळी देशातील विद्यापीठांच्या प्रयोगशाळा परदेशी कंपन्यांच्या किंमतपत्रिका चाळीत, कोणता प्रयोग परवडेल याचा हिशेब मांडीत असतात. आणि हा माल कोणता, तर मानवी शरीरातील प्रथिने!

मानवी जनुकाची प्रत जिवाणूत घालून त्याच्याकरवी मानवी प्रथिन तयार करून घेण्याची विद्या आता जुनी झाली. कर्करोगावरील वा प्रतिकारशक्तीवरील संशोधनात अशी प्रथिने पदोपदी लागतात. औषध म्हणून नव्हे, केवळ प्रयोगासाठी विकली जाणारी ही प्रथिने १० मायक्रोग्रॅमच्या कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपाने येतात. अशा कुपीला २०० डॉलर पडावेत यात कोणाला नवल वाटत नाही. म्हणजे ग्रॅमला २ कोटी डॉलर! मधुमेह्याचे मानवी इन्शुलिन याच विद्येने तयार होते. त्याच्या ४०० युनिटांच्या कुपीत सुमारे १४ मिलिग्रॅम, म्हणजे १४,००० मायक्रोग्रॅम प्रथिन असते. आणि किंमत-नियंत्रणामुळे ती कुपी भारतात २०० रुपयांच्या आत मिळते.

ही तुलना अन्यायाची आहे, असे कंपन्यांचे समर्थक म्हणतील. इन्शुलिनचे उत्पादन प्रचंड प्रमाणावर होते, संशोधनाची प्रथिने शेकडो प्रकारची आणि अल्प मागणीची; शिवाय प्रत्येक घाण्याची शुद्धता तपासावी लागते, हा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. खर्च अधिक येतो हे खरे; किंमत मात्र खर्चावरून ठरत नाही, ग्राहकाच्या अगतिकतेवरून ठरते. २०२१ साली थर्मो फिशर या अमेरिकी कंपनीने पेप्रोटेक ही संशोधन-प्रथिने बनविणारी कंपनी सुमारे १८५ कोटी डॉलरना विकत घेतली. रडतखडत चालणाऱ्या धंद्यासाठी भांडवलदार एवढी रक्कम मोजीत नसतो.

आणि ही विद्या कोणाच्या पैशातून जन्मली? १९७३ साली स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांनी जनुके जोडून जिवाणूत वाढविण्याचे प्रयोग केले, ते मुख्यतः सार्वजनिक अनुदानावर. पेटंट मात्र १९८० साली विद्यापीठांच्या पदरात पडले आणि १९९७ मध्ये त्याची मुदत संपेपर्यंत त्याने २५ कोटींहून अधिक डॉलर मिळवून दिले. बॉयर यांनी १९७६ सालीच जेनेनटेक कंपनी काढली होती. १९८० च्या ऑक्टोबरात तिचे भाग ३५ डॉलरना बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी ८८ वर चढले. याच इन्शुलिनचे मूळ पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ साली टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते. दोन पिढ्यांत प्रयोगशाळेची नीती कोठून कोठे आली, हे समजायला वेगळा पुरावा नको.

भारतीयांना हे जमणार नाही, असे म्हणण्याची तर सोयच उरलेली नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली कावीळ-ब ची पुनर्संयोजित लस बाजारात आणली आणि वोक्हार्टने २००३ साली मानवी इन्शुलिन. कसब होते; नव्हती ती सामाजिक मालकी. म्हणूनच शांता २००९ साली सानोफी या फ्रेंच कंपनीच्या ताब्यात गेली. खाजगी मालकीचे स्वावलंबन विक्रीच्या एका करारात संपते.

तेव्हा मार्ग सार्वजनिक उत्पादनाचाच आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपापली प्रथिने गाळावीत, असा याचा अर्थ नव्हे; विद्यार्थ्याने बनविलेल्या प्रथिनात जिवाणूंचे विष राहून गेले तर वर्षभराचे निष्कर्ष वाया जातात. हवी ती एक मध्यवर्ती संस्था, जी देशातील विखुरलेली मागणी एकत्र करील, नेहमीची दोन-तीनशे प्रथिने तपासून उत्पादनखर्चात देईल आणि त्यांच्या जनुकांचे साचे मागेल त्याला उघड करील. यात स्वप्नरंजन काही नाही. पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था देशभरच्या संशोधकांना पेशींचे वाण पुरविते. पेशींना जे लागू, ते प्रथिनांना का नको? पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हाही पेनिसिलिन आयात करणे सोपे होते. (त्या कारखान्याची पुढे जी उपेक्षा झाली, तिचा जाब सार्वजनिक मालकीच्या तत्त्वाला नव्हे, दिल्लीच्या राज्यकर्त्यांना विचारला पाहिजे.)

खुद्द पाश्चात्त्य देशांतही ‘स्ट्रक्चरल जिनॉमिक्स कन्सॉर्टियम’ मानवी प्रथिनांच्या रचना पेटंट न घेता जगाला खुल्या करीत आली आहे, आणि तिला पैसा पुरविणाऱ्यांत औषध कंपन्याही आहेत. स्वतःच्या संशोधनापुरते खुलेपण कंपन्यांनाही फायद्याचे वाटते, असा याचा अर्थ.

विद्यापीठांच्या अधिसभांत समाजवादी विचाराचे प्राध्यापक आणि पदवीधर प्रतिनिधी आहेत. येत्या अर्थसंकल्पी बैठकीत त्यांनी एकच प्रश्न लेखी विचारावा: गेल्या ५ वर्षांत आयात जैवरासायनिक द्रव्यांवर किती रुपये गेले, आणि त्यांतील किती कोणत्या कंपन्यांना? उत्तरे एकत्र केली की नव्या संस्थेच्या मागणीचा आराखडा दिल्लीपुढे ठेवता येईल.